सात नंबरची बाजरी

मे महिन्यात आटपाडीला हौसेनं कुणी जात नाही. लग्नाला जातात, मयताला जातात, बदली झाली तर तोंड पाडून जातात. मी बाजरीची पानं मोजायला गेले. हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी एक तर "मोजायला म्हणजे?" असं विचारलं, नाही तर लगेच विषय बदलला. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे पुन्हा कुणाला सांगायला नको.

मी वाईच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पानावर डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं असतात, त्यांना आम्ही रंध्रं म्हणतो. अन्न तयार करायचं तर झाडाला हवा आत घ्यावी लागते आणि त्यासाठी रंध्रं उघडावी लागतात. ती उघडली की आतलं पाणी बाहेर पडतं. हवा जितकी तापलेली आणि कोरडी, तितकं ते पाणी ती ओढून घेते. बहुतेक पिकं दुपारी थोडीफार रंध्रं मिटतात. माझ्याकडे बाजरीचा एक वाण होता तो जरा जास्तच मिटायचा. कॉलेजच्या मागच्या वाफ्यात तो सातव्या ओळीत होता, म्हणून त्याचं नाव सात नंबर. त्याच्याहून चांगलं नाव मला सुचलं नाही आणि शोधायला वेळही नव्हता.

मार्चच्या सुरुवातीला मी त्याचं बी दोन घरी दिलं. एक कोरेगावच्या माझ्या थोरल्या भावाला, आण्णाला. त्याच्याकडे विहिरीला पाणी मुबलक. दुसरं आटपाडीजवळच्या विमलला. ती मला एका शेतकरी मेळाव्यात भेटली होती. माझ्या भाषणानंतर सगळे चहाकडे पळाले, तेव्हा ही एकटीच पुढं येऊन म्हणाली, "मॅडम, तोंड मिटून बसणारी बाजरी दाणा भरंल का?" मला पंधरा वर्षांत इतका मुद्द्याचा प्रश्न विचारला गेला नव्हता. दोघांनाही सांगितलं होतं, सात नंबरच्या शेजारी बांध घालून दुकानातलं बी पेरा, म्हणजे फरक कळेल.

आता पुण्याच्या एका संस्थेनं पानांचं यंत्र मला पाच दिवसांसाठी दिलं होतं. पान चिमट्यात धरायचं, पाण्याची वाफ किती वेगानं बाहेर पडते त्याचा आकडा पडद्यावर येतो. दोन्हीकडे जाऊन, सकाळ-दुपार मोजून, सोमवारी यंत्र परत करायचं होतं. कागदावर हे सोपं दिसतं.

गुरुवार, कोरेगाव

आण्णा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाला. यष्टीनं आटपाडीला यंत्र नेणं धोक्याचं, म्हणून त्याच्या जीपनं जायचं ठरलं होतं. पण आधी त्याच्या रानातली मोजणी. बुधवारी रात्री जेवताना त्याला तीनदा बजावलं की सकाळी सहाला रानात पोचायचं. सहाला उठून बघते तर हा जीप धूत होता. साडेसातपर्यंत धूत होता.

"आण्णा, उशीर झाला तर पानं मिटतील."

"आगं शाले, पानं काय हापिसाला जात्यात व्हय? तिथंच हायत की."

फौजेत वक्तशीरपणा शिकवतात असं लोक म्हणतात. माझा अनुभव असा की निवृत्तीच्या दिवशी तो परत घेतात.

रानात गेल्यावर चपला हातात घ्याव्या लागल्या. आदल्या दिवशीच त्यानं बाजरीत पाणी सोडलं होतं. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. आठवड्यातून एकदा पुरे म्हणून सांगितलं होतं, तर म्हणे, "पाणी हाय तर पिऊ दे की. तुझं काय जातंय?"

दुकानातल्या बियाची बाजरी हिरवीगार, छातीच्या वर. सात नंबर तिच्याहून हातभर बुटका आणि जरा फिकट. आठ वाजता मोजलं तेव्हा दोघांचीही रंध्रं उघडी होती. साडेबाराला पुन्हा मोजलं. दुकानातलं बी निम्म्यावर आलं होतं. सात नंबरनं जवळजवळ सगळी दारं लावली होती. मी खूश झाले. आण्णा माझ्या खांद्यावरून डोकावत होता.

"पायाखाली चिखल आणि तोंड मिटलेलं? येडं हाय तुझं पीक."

मी समजावलं, हा जमिनीतल्या पाण्याचा प्रश्न नाही, हवेचा आहे. मुळाशी तळं असलं तरी हवा कोरडी झाली की हे मिटतं. त्याला पटेना. शेवटी भाकरी घेऊन आलेल्या वहिनी मदतीला आल्या. "आवं, वाईला धुणं टाकलं तर संध्याकाळपातुर वलं ऱ्हातंय. माझ्या भनीकडं म्हसवडला पिळून दोरीवर टाकूस्तवर वाळतंय. पान म्हंजी दोरीवरचं धुणंच की." मी वर्गात दोन तास घेऊन जे सांगते ते त्यांनी पाटी डोक्यावरून उतरवता उतरवता सांगितलं. त्यांच्या घेवड्याच्या आमटीलाही तोड नव्हती, पण त्या दिवशी मला जास्त हेवा वाटला तो या वाक्याचा.

आण्णा मात्र भाकरी मोडता मोडता म्हणाला, "मग ते खातंय कवा?"

"सकाळी."

"आन दुपारी उपाशी. म्हणून बुटकं हाय. फौजेतबी असं ठेवत न्हाईत. मी पुढच्या खेपंला न्हाई पेरणार."

चिडायला झालं, कारण तो बरोबर बोलत होता. पाणी वाचवायला दार लावलं की हवाही आत येत नाही आणि झाड तेवढा वेळ उपाशी राहतं. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्यानं उपाशी राहणारं पीक का घ्यावं? कोरेगावात सात नंबरचा काही उपयोग नव्हता. हे वहीत लिहायला मला पाच मिनिटं लागली, त्यातली चार पेन न उचलण्यात गेली.

शुक्रवार, आटपाडीच्या वाटेवर

पहाटे पाचला निघायचं होतं, नऊला निघालो. कारणं सांगत नाही, त्यानं पुन्हा डोकं तापेल.

पुसेगाव मागं पडलं की हिरवा रंग कमी होत जातो. एका रानात उन्हाळी भुईमूग होता. त्याची पानं जोडीजोडीनं मिटून उभी राहिली होती, अंगावर ऊन कमी घ्यायची त्याची रीत. पुढं कडवळाचा, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीचा, एक तुकडा दिसला. त्याच्या खोडावर आणि पानांच्या मागं पांढरी पूड फासल्यासारखी दिसते ती पूड नसते, मेण असतं. त्यातून पाणी बाहेर पडत नाही आणि वरचं ऊनही थोडं परतवलं जातं. एकाच रस्त्यावर प्रत्येक पिकाचा बंदोबस्त निराळा. मला दोन्ही ठिकाणी उतरायचं होतं. आण्णानं एकाही ठिकाणी जीप थांबवली नाही. "येताना बघू," म्हणाला. येताना आम्ही दुसऱ्या रस्त्यानं आलो.

म्हसवडला मात्र न सांगता थांबला, कारण तिथं रसवंती होती. मी म्हटलं, यंत्राची पेटी आत घेऊन ये. तो आत आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याची बाटली होती. मला वाटलं पेटी मागच्या सीटवर सावलीत ठेवली असेल. दोन दोन ग्लास रस झाला, त्याच्या पलटणीतल्या कुणाचा तरी मेहुणा भेटला, अर्धा तास गेला. बाहेर येऊन बघते तर पेटी डॅशबोर्डवर, झाकण उघडं, काचेतून ऊन थेट यंत्रावर. हात लावला तर चटका बसला. पडदा काळाठिक्कर.

"आण्णा!"

"आता काय झालं?"

"हे यंत्र माझं नाही. पुण्याला परत द्यायचंय. आणि तू ते भाजायला ठेवलंस?"

"मी राजस्थानात बंदुका उन्हात ठेवल्यात वर्सानुवर्सं. एकबी बंद पडली न्हाई."

यंत्र ओल्या रुमालात गुंडाळून मांडीवर घेतलं. दिघंचीनंतर पडदा उजळला. आकडे दिसू लागले. पण ते खरे की खोटे, हे कुणाला विचारायचं?

शुक्रवार, आटपाडी

विमल बांधावरच उभी होती. नवरा सैन्यात, लांब पूर्वेकडे. घरी सासरे, त्यांना सगळे तात्या म्हणतात, दोन म्हशी आणि सहा एकर रान, त्यातली पाच एकर डाळिंब आणि पड. बाजरी थोडीच, पण घरची वर्षाची भाकरी आणि म्हशींचं कडब्याचं भागायचं ते तिच्यावर. कणसं नुकतीच बाहेर पडत होती.

जीपमधून उतरले आणि वाऱ्याची झळ तोंडावर आली. ओठ लगेच ओढले गेले. घाम येत होता की नाही तेही कळेना, यायच्या आधीच वाळत होता.

दोन्ही वाफ्यांतली पानं सुरळी होऊन उभी होती. तात्यांनी मला नीट बसूही दिलं नाही.

"आवं बाई, बघताय न्हवं? वाळाय लागलीय. मी म्हणतोय पाणी द्या. ही म्हणतीया मॅडम येऊंद्यात. आता आलाय, तर बोला."

प्रश्न साधा नव्हता. शेततळ्यात दोन्ही वाफ्यांना मिळून एकच पाणी पुरेल इतकं उरलं होतं. मोटारीची लाईट दुसऱ्या दिवशी सकाळी आठला येणार होती आणि त्यानंतर थेट सोमवारी. पाणी आत्ता दिलं तर दाणा भरताना हातात काही नाही. आत्ता नाही दिलं आणि पीक खरंच तहानलेलं असलं, तर दाणा भरायची वेळच येणार नाही.

मी यंत्र लावलं. सात नंबर, जवळजवळ शून्य. दुकानातलं बी, त्याच्याहून जरा वर. बांधावरच्या डाळिंबाचं जाड पान, तेही खालीच. आता हे पिकानं दार लावलंय की म्हसवडच्या रसात यंत्र वाहून गेलंय? ओल्या रुमालावर चिमटा लावून पाहिला तर आकडा नाचत सुटला. त्यावरून कुणाच्या वर्षाच्या भाकरीचा निर्णय घ्यायचा मला धीर होईना. खुरप्यानं उकरून बघितलं. वर माती कोरडी, वीतभर खाली मुठीत दाबली तर गोळा होत होता. पण मुळांना तेवढं पुरतंय का, हे मुठीला कळत नाही.

मग आठवलं, अकरावीच्या मुलांना करायला लावतो तो प्रयोग. कोबाल्ट क्लोराइडच्या द्रावणात बुडवून वाळवलेला कागद निळा असतो. तो पानावर चिकटपट्टीनं लावायचा. रंध्रं उघडी असली तर वाफेनं कागद गुलाबी होतो, मिटलेली असली तर निळाच राहतो. यंत्र खोटं बोलतंय का, ते कागद सांगेल. फक्त कागद हवा.

विमलनं गावातल्या कॉलेजच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, रसायन आहे, कॉलेजला सुट्टी आहे, प्रयोगशाळेची किल्ली महादेव शिपायाकडे, आणि महादेव पुतणीच्या लग्नात. विमल रानात थांबली, मी आणि आण्णा लग्नाच्या हॉलवर गेलो.

महादेव फेटा बांधून पंगतीत वाढत होता. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि दोन पत्रावळ्या मांडल्या.

"बसा."

"अहो, मला किल्ली हवीय."

"देतो की. आदी पंगत, मग किल्ली. लग्नघरातनं कुणी उपाशी जात नसतंय."

"पण तिकडं पीक..."

"ताई, पीक कुठं पळून जातंय?"

आण्णा केव्हाच मांडी घालून बसला होता. भात आला, वांग्याची भाजी आली, बुंदी आली, पुन्हा भात आला. आण्णाच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, नवरीकडचे का नवरदेवाकडचे? आण्णा म्हणाला, किल्लीकडचे. आजूबाजूचे हसले. मला हसू आलं नाही. वाढपी मागं फिरला की मी घड्याळ बघत होते, तो पुढं आला की पत्रावळीवर हात आडवा धरत होते. आईनं वाढलेलंही मी इतक्या रागानं कधी खाल्लं नव्हतं.

जेवण झाल्यावर महादेव स्वतः मोटारसायकलवर पुढं निघाला, कुलूप उघडलं, कपाटातली बाटली काढून दिली, गाळणकागदाच्या पट्ट्या कापून दिल्या, स्टोव्ह पेटवून त्या शेकूनही दिल्या. काम त्यानं माझ्या कुठल्याही सहायकापेक्षा नीट केलं. निघताना मी आभार मानले तर म्हणाला, "बुंदी कमी घेतली तुमी."

साडेचारला पुन्हा रानात. सात नंबरवर पट्टी लावली. मी, विमल, आण्णा, तात्या, चौघं तिच्याभोवती उकिडवे बसलो. पट्टी निळी. दहा मिनिटं झाली, निळीच. दुकानातल्या बियावरची कडेनं किंचित गुलाबी झाली. यंत्राचा आकडाही तेच सांगत होता. म्हणजे यंत्र पहिल्यापासून ठीक होतं. एक अख्खी दुपार, एक लग्न आणि माझी भूक मी विनाकारण खर्च केली होती.

तात्या म्हणाले, "मग तान लागलीय हे ठरलं."

"नाही तात्या. दार लावलंय हे ठरलं. तहानेनं लावलंय की हवेनं, ते सकाळी कळेल. सकाळी हवा मऊ असते. मुळाशी पाणी असेल तर ते उघडेल. नसेल तर तेव्हाही मिटलेलंच राहील."

"आन तवर?"

"तोवर थांबू."

त्यांनी पागोटं काढून झटकलं आणि म्हशीकडे निघून गेले.

संध्याकाळी विमलनं मटकीची आमटी आणि बाजरीची भाकरी केली. आमच्याकडे वाईला बाजरी थंडीतली, संक्रांतीला तीळ लावून करायची. इथं उन्हाळ्यातही तीच. "उष्ण पडत नाही का?" मी विचारलं. ती म्हणाली, "पडती. पण गहू विकत आनाय लागतोय." भाकरी थापता थापता तिनं मला एकदाच विचारलं, "मॅडम, तुमची खात्री हाय न्हवं?" मी म्हटलं, सकाळी होईल.

शनिवार सकाळ

साडेसहाला रानात गेलो. या वेळी आण्णानं जीप धुतली नाही. पानं सरळ पसरलेली होती. पट्टी लावली आणि मी मनात आकडे मोजायला लागले. साठच्या आसपास पट्टी गुलाबी झाली. बांधाच्या पलीकडची तिच्याही आधी. दोन्ही वाफ्यांच्या मुळाशी पाणी होतं. दुपारी मिटत होती ती हवेमुळे.

आठ वाजता मोटारीजवळचा दिवा लागला. तात्यांचा हात बटनावर होता.

"बोला बाई."

"नको. आत्ता देऊ नका. अजून आठ-दहा दिवस दम निघेल. कणसात दूध भरायला लागलं की द्या, तेव्हा थेंबाथेंबाचा दाणा होईल."

"चुकलं तर?"

"चुकणार नाही."

हे मी म्हणाले. आज लिहितानाही ते वाक्य खोडावंसं वाटतंय, पण म्हणाले हे खरं. वर्गात चुकलं तर पुढच्या तासाला दुरुस्त करता येतं, रानात नाही. ते त्या क्षणी माझ्या ध्यानातच आलं नाही. हातात गुलाबी कागद होता आणि मी बरोबर होते.

तात्यांनी विमलकडे पाहिलं. विमल म्हणाली, "मामंजी, ऱ्हाऊ द्या." त्यांनी हात काढला.

वाई

सोमवारी यंत्र परत केलं. गुरुवारी विमलचा फोन आला. गावाबाहेरचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला होता. उन्हाळ्यात सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की जळतो म्हणे.

"कधी बसणार नवीन?"

"म्हणत्यात दोन दिसांत."

दोन दिवसांचे चार झाले. मी रोज फोन करत होते. आधी विमलला, मग तिनं दिलेल्या नंबरवर, मग त्यांनी दिलेल्या दुसऱ्या नंबरवर. "काम चालू आहे मॅडम." कुठलं काम ते कुणी सांगेना. डिझेल इंजिन लावा म्हटलं, तर गावात एकच, आणि ते डाळिंबाच्या बागांतून फिरत होतं. बाग गेली तर पाच वर्षं जातात, बाजरी गेली तर एक हंगाम, त्यामुळे विमलनं स्वतःही ते आधी डाळिंबाला लावलं, तेही दुसऱ्याच्या विहिरीवरून अर्धा दिवस, आणि ते लगेच पुढच्या बागेत गेलं.

आठवड्यानंतर विमलनं शेततळ्याचा फोटो पाठवला. मी राखून ठेवायला लावलेलं पाणी कडांनी आटत आत आत सरकलं होतं. तेच ऊन, तोच वारा. पानानं दार लावलं, पण तळ्याला कुठं दार होतं? हे मला का सुचलं नाही? मी पानांची बाई, पण तळं काही दिसत नव्हतं असं नाही. त्याच्याच काठावर बसून मी चहा प्यायले होते.

आण्णाला फोन केला. वाटलं होतं, तो काहीतरी बोलेल आणि मला त्याच्यावर चिडता येईल. तो म्हणाला, "जा काढणीला. फोनवर तोंड लपवू नगंस." त्याचंही बरोबरच होतं, म्हणून आणखी चिडचिड झाली.

पुन्हा आटपाडी

डीपी अठराव्या दिवशी बसला. तोवर दाणा भरायची वेळ निघून गेली होती. महिनाअखेरीला मी एकटीच यष्टीनं गेले. तीन गाड्या बदलल्या आणि तिन्हींत उभी होते. बसायला मिळालं असतं तरी बसवलं नसतं.

खळ्यावर दोन ढीग होते. विमलनं आधी दुकानातल्या बियाची कणसं हातात दिली. लांब, देखणी, आणि हलकी. चोळली तर निम्मा भुसा उडाला. मग सात नंबरचं कणीस दिलं. वीतभर, बसकं. चोळलं आणि तळहात करड्या दाण्यांनी भरला. दुपारी दुपारी दार लावून त्यानं मातीत जे मागं ठेवलं होतं, ते शेवटच्या पंधरवड्यात काढून वापरलं होतं. विमलच्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हातात होतं, त्यासाठी मी सहा वर्षं घालवली होती, आणि मला वर मान करून बघवत नव्हतं.

"घरापुरतं सात नंबरचं हुतंय," विमल म्हणाली. "कडबा कमी पडंल. बघू."

"विमल, त्या दिवशी पाणी देऊ दिलं असतं तर दुकानातल्या बियाच्या ढिगातही दाणा असता."

"व्हय. असता." तिनं उगाच गोड केलं नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे.

तात्या खाटेवर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते गाडीत तीनदा घोकलं होतं. त्यांनीच मला बसायला सांगितलं, तांब्या पुढं केला आणि माझं पाणी पिऊन होईपर्यंत थांबले.

"बाई, तुमचं पीक बराबर निघालं. तुमी चुकला."

"हो तात्या."

"त्या बाजरीनं कुणावर इस्वास ठेवला न्हाई बगा. पानी उद्या मिळंल आसं धरलंच न्हाई तिनं. तुमी डीपीवर इस्वास ठेवला."

मग त्यांनी विमलला हाक मारून सात नंबरचं चार शेर बी वेगळं बांधायला सांगितलं. मला वाटलं ते मला परत देतायत. मी हात पुढं केला, तर त्यांनी गाठोडं स्वतःच्या उशाला सरकवलं.

"हे आमास्नी लागंल," म्हणाले. "तुमी तुमचं बगा."